चाफ्याच्या पानांमागे केशरी पावडर, सप्तपर्णीला फोड, कांचन काळा पडलाय: सगळ्यांना एकच फवारणी चालेल का?

अबोली_पुणे
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आमची जुनी सोसायटी आहे आणि पहिल्या रहिवाशांनी हौसेने लावलेली बरीच झाडं आहेत, गेटपासून आतपर्यंत दोन्ही बाजूंना देवचाफा, पार्किंगच्या कडेने सप्तपर्णी आणि करंज, मधल्या बागेत कांचन आणि कोपऱ्यात एक मोठा गुलमोहर, ज्याच्या सावलीसाठी गाड्या लावायला भांडणं होतात. यंदा पाऊस लांबला आणि आता सप्टेंबर संपता संपता सगळ्याच झाडांची पानं खराब दिसायला लागलीत. चाफ्याच्या पानांवर आधी पिवळे ठिपके आले, मग ती तपकिरी होऊन कडेने वळायला लागली आणि आता रोज सकाळी गेटपाशी सडा पडलेला असतो, पानाच्या मागच्या बाजूला केशरी पावडर आहे, हाताला लागते. सप्तपर्णीच्या पानांवर हिरवे फोड आलेत, करंजाचंही तसंच काहीतरी, आणि कांचनाची पानं वरून काळीकुट्ट झालीत.

पेस्ट कंट्रोलवाले येऊन बघून गेले, त्यांचं म्हणणं सगळ्या झाडांना फंगस लागलाय, दर पंधरा दिवसांनी फवारणीचं सहा महिन्यांचं पॅकेज घ्या नाहीतर झाडं जातील. कमिटीतले काही जण म्हणतात एवढा खर्च करण्यापेक्षा चाफे काढूनच टाका, तसंही पानं गळून कचराच होतो. मला ते अजिबात पटत नाहीये, त्या चाफ्यांमुळेच तर आमचं गेट ओळखलं जातं. तर प्रश्न असा की हा सगळा एकच रोग आहे का, तो घरातल्या कुंड्यांवर, तुळशीवर वगैरे येईल का, आणि फवारणी केली नाही तर खरंच झाडं मरतात का? रविवारी मीटिंग आहे, त्याआधी कोणी जाणकारांनी सांगितलं तर फार बरं होईल.

रानवाट
ताई, आधी चाफे वाचवा, कारण तुम्ही जे वर्णन केलंय तो तांबेरा आहे आणि तांबेऱ्याने चाफा मरत नाही. मी राहुरीला बीएस्सी ॲग्री केलं आणि नंतर बरीच वर्षं नर्सरी चालवतोय, आमच्याकडे गिऱ्हाईक या महिन्यात चाफ्याचं पान हातात घेऊनच येतं.

वरच्या बाजूला पिवळे बारीक ठिपके आणि बरोबर त्यांच्याच खाली मागच्या बाजूला केशरी पुटकुळ्या, बोटाला पावडर लागते, हे इतकं स्पष्ट लक्षण आहे की दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी. बुरशीचं नाव कोलिओस्पोरियम प्लुमेरी. ती केशरी पावडर म्हणजे बुरशीचे बीजाणू, वाऱ्याने आणि पावसाच्या शिंतोड्यांनी ते पुढच्या पानावर जातात, पान काही तास ओलं राहिलं की रुजतात, आणि म्हणून पावसाळा जितका लांबेल तितका हा वाढत जातो. पण चाफा मुळातच थंडीत पानं टाकणारं झाड आहे. डिसेंबर जानेवारीत तो तसाही बोडका होणार होता, तांबेऱ्याने ती पानगळ थोडी आधी होते एवढंच, उन्हाळ्यात नवी पानं स्वच्छ येतात. झाडाने पावसाळाभर जेवढं अन्न बनवायचं तेवढं बनवून झालेलं असतं. दरवर्षी जून-जुलैमध्येच सगळी पानं गळायला लागली तर झाड कमजोर होईल, फुलं कमी येतील, पण तरीही मोठं झाड एका तांबेऱ्याने गेलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि तुळशीची काळजी सोडा. तांबेऱ्याच्या बुरशा खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात, चाफ्याचा तांबेरा चाफ्यालाच, गव्हाचा गव्हाला. गुलाबाच्या पानावर काळे ठिपके येतात ती गुलाबाची वेगळी बुरशी, ती चाफ्यावर जात नाही. त्यामुळे सोसायटीतली चार वेगवेगळी झाडं एकाच वेळी आजारी दिसतात म्हटल्यावर एकच फंगस सगळीकडे पसरलाय हे जवळजवळ अशक्य आहे. एकाच वेळी दिसतंय कारण दमट हवा सगळ्यांना सारखीच मिळालीये.

आता बाकीच्या झाडांचं. सप्तपर्णीचे फोड ही बुरशी नाहीच, असं मी फोटो न बघता सांगतो. पुण्यात रस्त्याच्या कडेची निम्म्याहून जास्त सप्तपर्णी अशीच दिसेल. एक बारीक, रस शोषणारा किडा असतो, सिला म्हणतात त्याला, त्याची पिल्लं पानाच्या आत बसतात आणि त्यांच्याभोवती पान स्वतःच गाठ तयार करतं. एक फोड ब्लेडने उभा कापून बघा, आत पोकळी आणि त्यात बारीकसं पिल्लू दिसेल. करंजाच्या पानावर लांबट, शिंगासारखे फोड असतील तर ती कोळ्याच्या जातीची कीड, एरिओफिड माइट, डोळ्याला दिसतच नाही इतकी लहान. या दोन्हींवर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे नाल्यात ओतणं, आणि कीटकनाशकही गाठ बंद झाल्यावर आत पोचत नाही. दोन्ही झाडं यासकट वर्षानुवर्षं मजेत जगतात, फक्त पानं ओबडधोबड दिसतात.

कांचनाचं मात्र नीट बघा. एक पान तोडून ओल्या कपड्याने किंवा नुसत्या अंगठ्याने जोरात पुसा. काळं निघून खाली हिरवं पान दिसलं तर ती काजळी, म्हणजे पानाच्या वरवर वाढणारी काळी बुरशी. पुसलं जात नसेल आणि डाग पानाच्या आतच असेल, कड पिवळी असेल, तर ते पानांवरचे ठिपके किंवा करपा. पुसून झालं की पानाच्या मागे आणि कोवळ्या फांद्यांवर काय आहे ते पण कळवा, मुंग्या आहेत का तेही.

अबोली_पुणे
इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभारी आहे दादा. आज संध्याकाळी खाली जाऊन बघते. फोटो इथे चढत नाहीयेत, लिहूनच सांगेन.

तासगावकर_द्राक्ष
रानवाट भाऊंनी बरोबर सांगितलंय, मी फवारणीवर थोडं बोलतो कारण आमचा जन्म फवारणीत गेलाय. आमच्याकडं ऑक्टोबर छाटणी झाली की केवडा, भुरी, करपा या द्राक्षावरच्या रोगांच्या भीतीनं दिवसाआड पंप सुरू असतोय, पण बागेत ते परवडतंय कारण वेल मांडवावर छातीएवढ्या उंचीवर असतोय, पान वरून खालून दोन्हीकडनं भिजवता येतंय आणि माल विकून पैसे निघतात. तुमचा चाफा, करंज दोन-तीन मजले गेलेला असणार. खालनं पाइप धरून मारलं तर औषध पानाच्या वरच्या बाजूला बसणार आणि तांबेरा आहे खालच्या बाजूला, राहिलेलं सगळं गाड्यांवर, खिडक्यांत, खेळणाऱ्या पोरांवर. दुसरं म्हणजे बहुतेक बुरशीनाशकं रोग यायच्या आधी पानावर थर म्हणून बसायला हवीत. आता पान केशरी होऊन गळायला लागल्यावर मारून काय उपयोग, ते पान परत हिरवं होत नसतंय.

लहान चाफे असतील, नवीन लावलेले, डोक्याएवढे, त्यांना जपायचं असेल तर पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडाला, रोग दिसायच्या आधी, एक टक्का बोर्डो मारा, म्हणजे मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुन्याचं मिश्रण. बाजारात तयार मिळतंय पण घरी केलेल्याची गोष्ट वेगळी. शंभर लिटरला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना. मोरचूद आदल्या रात्री प्लास्टिकच्या बादलीत भिजत घाला, लोखंडी भांडं अजिबात नको, ते खाऊन टाकतंय. चुना वेगळा विझवून गाळून घ्या. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओता आणि काठीनं ढवळत राहा, उलटं करायचं नाही. झालं की एक घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक त्यात बुडवा, तांबूस थर चढला म्हणजे मोरचूद जास्त झालंय, पान जळणार, तर थोडी चुन्याची निवळी घाला आणि परत बघा. त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी शिळं झालेलं मारू नका. पानाच्या खालच्या बाजूला नोझल वर करून मारा.

ह्या बोर्डोची हकीकत मोठी छान आहे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या भागात रस्त्याकडेचे शेतकरी येणाऱ्याजाणाऱ्यानं द्राक्षं तोडू नयेत म्हणून कडेच्या वेलांवर मोरचूद-चुना शिंपडायचे, आणि मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवड्यानं सगळी बाग गळाली तरी तेवढेच वेल हिरवे आहेत. 1885 साली त्यानं ते छापून जाहीर केलं आणि आजवर आम्ही तेच वापरतोय. पण तांबं जमिनीत साठत राहतंय, पाण्यात गेलं तर माशांना वाईट, म्हणून ऊठसूट मारायची गोष्ट नव्हे ही.

हिरवाई_ठाणे
एवढं रासायनिक कशाला मारायचं? आमच्या टेरेस गार्डन ग्रुपवर सगळे निंबोळी तेल आणि ताक वापरतात आणि फरक पडतो असं सांगतात, तेच मोठ्या झाडांना करून बघा ना, निदान विषारी तरी नाही.

रानवाट
ताई, फरक पडतो हे खरं आहे पण कशावर पडतो ते बघायला लागतं. भुरी म्हणजे पानाच्या वरच्या पृष्ठभागावरची पांढरी बुरशी, ती बाहेरच वाढते, त्यामुळे तिच्यावर वरवरच्या उपायांचा परिणाम होतो. दुधाच्या फवारणीचा तर रीतसर प्रयोग आहे, ब्राझीलमध्ये झुकिनीच्या भुरीवर, 1999 मध्ये छापून आलेला, आणि त्यात पातळ केलेल्या दुधाने भुरी चांगली आटोक्यात आली होती. पण तांबेऱ्याची बुरशी पानाच्या आत मुरलेली असते आणि केशरी पावडर बाहेर येते तो तिचा शेवटचा टप्पा, तिथे ताक, हळद, निंबोळी तेल यांनी काही होत नाही. निंबोळी तेल मावा, पिठ्या ढेकूण यांच्यावर कामाचं आहे, कुंडीतल्या झाडावर जरूर वापरा, दुपारच्या उन्हात मात्र नको, पान भाजतं. वीस-पंचवीस फुटी झाडावर ताक मारण्याची कल्पना मला तरी व्यवहारात बसत नाही.

भुरीबद्दल एक जास्तीचं सांगतो कारण आता थंडी येईल आणि ती पण दिसेल, कांचन, आपटा यांच्यावर विशेष. तिला तांबेऱ्यासारखं ओलं पान लागत नाही, दिवसा कोरडं आणि रात्री गार दमट असं हवामान तिला मानवतं, म्हणून लोक गोंधळतात की पाऊस संपला तरी बुरशी कशी. दाट सावलीत, हवा खेळत नाही अशा फांद्यांवर आधी येते. झाड मोठं असेल तर तीही सोडून द्या. लहान असेल आणि फारच वाटलं तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर, आणि ऊन पस्तिशीला टेकत असेल तर नाहीच, गंधकाने पानं करपतात.

एडिसनहून
मी न्यू जर्सीत असते, इथलं सांगते कारण प्रश्न अगदी तोच आहे. आमच्या रस्त्यावर सगळीकडे नॉर्वे मेपल आहेत, आणि ऑगस्टच्या शेवटी त्यांच्या पानांवर डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे जाडसर डाग येतात, रुपयाएवढे, टार स्पॉट म्हणतात. नवीन राहायला आलेली माणसं दरवर्षी घाबरतात, झाड गेलं म्हणून कोणीतरी ट्री कंपनीला बोलावतं. ऱ्हायटिस्मा असेरिनम नावाची बुरशी आहे, जून महिन्यात नुसते फिकट पिवळे ठिपके असतात तेव्हा कोणाचं लक्षही जात नाही आणि काळे होतात तोवर झाडाचा वर्षाचा मोसम संपत आलेला असतो, त्यामुळे नुकसान जवळजवळ नाहीच. इथल्या विद्यापीठांचे एक्स्टेन्शनवाले, म्हणजे लोकांना झाडं-शेतीचा सल्ला देणारे लोक सगळे हेच सांगतात की घरच्या झाडावर बुरशीनाशक मारायची गरज नाही, पडलेली पानं गोळा करा.

ते पानं गोळा करण्यामागचं कारण समजलं की कंटाळा येत नाही. ही बुरशी हिवाळाभर जमिनीवरच्या पानांत राहते, आणि वसंतात झाडाला नवी पालवी फुटते त्याच सुमारास त्या जुन्या डागांतून बीजाणू उडतात आणि कोवळ्या पानांना चिकटतात. पानंच उचलली तर पुढच्या वर्षीचं बी कमी झालं. पण शेजाऱ्यांनी पण उचलायला हवीत नाहीतर वाऱ्याने तिकडून येतंच. आमच्या गल्लीत आता नोव्हेंबरमध्ये सगळे मिळून करतो आणि डाग कमी झालेत असं मला नक्की वाटतं, अगदी नाहीसे नाही झाले.

अबोली_पुणे
बघून आले! वॉचमनकाकांना घेऊन टॉर्च, ब्लेड आणि ओला रुमाल घेऊन गेले होते. सप्तपर्णीचा फोड कापला तर आत खरंच बारीक पिवळसर पिल्लू होतं, मला फार आश्चर्य वाटलं. करंजाचे फोड लांबट आहेत, तुम्ही म्हणालात तसे शिंगासारखे. कांचनाचं पान पुसलं तर काळं सगळं रुमालावर आलं आणि खालून छान हिरवं पान निघालं, पानाच्या मागे पांढऱ्या कापसासारखे पुंजके आहेत आणि खोडावरून मुंग्यांची रांगच्या रांग वर जातीये. खाली लावलेल्या गाड्यांच्या काचा चिकट होतात अशी तक्रार होती, ती पण या कांचनाखालच्याच गाड्यांची आहे हे आज कळलं.

आणखी एक. गुलमोहराच्या बुंध्याशी, अगदी जमिनीलगत, तांबूस तपकिरी रंगाची, वरून पॉलिश केल्यासारखी चकचकीत, कडेला पांढरी अशी लाकडासारखी कडक छत्री उगवलीये, ताटलीएवढी असेल. वॉचमनकाका म्हणाले गेल्या वर्षी पण होती, त्यांनी लाथेने उडवली होती. गुलमोहराची पानं मात्र एकदम स्वच्छ आहेत, पेस्ट कंट्रोलवाल्यांनी त्याला हातच लावला नव्हता. हे काही विशेष आहे का?

रानवाट
अबोलीताई, तुमच्या अख्ख्या सोसायटीत काळजी करण्यासारखं एकच झाड आहे आणि ते हे. बाकी सगळं बाजूला ठेवा.

तुम्ही लिहिलेलं वर्णन गॅनोडर्माचं आहे. ही बुरशी पानांवर नसते, मुळांत आणि बुंध्याच्या आतल्या लाकडात असते, ती लाकूड आतून कुजवत जाते आणि बाहेर छत्री दिसते तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. छत्री लाथेने उडवून काही होत नाही, ते फक्त तिचं फळ आहे. वरची पानं हिरवीगार असतात, फुलंही येतात, आणि एखाद्या जूनमध्ये वळवाच्या वाऱ्यात झाड मुळासकट आडवं होतं. गुलमोहराची मुळं तशीही उथळ आणि लाकूड ठिसूळ, त्यात खाली तुमच्या गाड्या आणि माणसं. यावर मारायचं औषध नाही, कोणी ड्रिल करून इंजेक्शन देतो म्हणालं तर पैसे देऊ नका, वर आणखी एक भोक होईल ते वेगळंच.

आजच्या आज त्याच्याखालचं पार्किंग बंद करा, दोरी बांधा. लाकडी हातोडीने बुंध्यावर चहूबाजूंनी ठोकून बघा, पोकळ आवाज कुठून कुठपर्यंत येतो ते खडूने आखून ठेवा, फोटो काढा. झाड एका बाजूला कलायला लागलंय का, बुंध्याजवळची जमीन फुगलीये किंवा तडकलीये का ते बघा. मग महापालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज द्या. महाराष्ट्रात 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, शहरात खासगी जागेतलं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही आणि छाटणीलाही परवानगी घ्यावी लागते. हेच तुमच्या चाफ्यांनाही लागू आहे हे कमिटीला सांगा, पानं गळतात म्हणून चाफे काढतो असं त्यांना परस्पर ठरवताच येणार नाही. अधिकारी येऊन बघतील, कदाचित वरचा भार कमी करायला सांगतील, कदाचित झाड काढायला सांगतील. एवढं मोठं झाड जाणार म्हणून वाईट वाटेल पण तिथे हळवं होऊन चालणार नाही.

ही बुरशी आत शिरली कुठून हेही शोधा, कारण उरलेल्या झाडांना वाचवायचं तर तेच कामाचं. बहुतेक वेळा ड्रेनेज किंवा केबलसाठी खणताना मुळं तोडलेली असतात, किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलेलं असतं.

अबोली_पुणे
मागे ड्रेनेज लाइन बदलली होती ती बरोबर त्याच कोपऱ्यातून गेलीये. आणि सगळ्याच झाडांना बुंध्याला चिकटून पेव्हर आहेत. दोरी बांधायला सांगितलीये, दोन जण चिडलेत पण असू दे.

तासगावकर_द्राक्ष
पेव्हर काढा ताई. राष्ट्रीय हरित लवादानं 2013 मध्ये दिल्लीत झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायचा आदेश दिला होता, तेवढं तरी सगळीकडं ठेवायला पाहिजे. पॅकेजचे पैसे तिकडं घाला. मुळाला हवा आणि पाणी मिळालं की पानावरचा रोग झाड स्वतः सोसतंय.

कांचनाला काय करायचं ते पण सांगतो, ते पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. तो रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यावर काजळी वाढते आणि त्याच गोडाच्या मोहानं मुंग्या त्याला राखतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. तर मुंग्या आधी थांबवा. खोडाला आधी कापडाची किंवा प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधा आणि त्याच्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट ग्रीस लावायचं नाही. झाडाच्या फांद्या भिंतीला टेकत असतील तर त्या रस्त्यानं पण मुंग्या जातात, तेवढ्या परवानगी घेऊन छाटा. मग जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं पुंजके धुऊन काढा, आठ-दहा दिवसांनी परत. हे मात्र हयगय करायचं काम नाही, पिठ्या ढेकणानं मुंबईत रस्त्याकडेचे मोठमोठे पर्जन्यवृक्ष वाळलेत.

लातूरची_माती
मधेच विचारतो, आमच्या शेताच्या बांधावरच्या कडुलिंबांचे शेंडे वाळलेत, भाजल्यासारखे. पानगळ नाही, फांदीचं टोकच करपतंय. तोही तांबेरा का?

रानवाट
नाही दादा, तो शेंडेमर. फोमोप्सिस नावाची बुरशी आहे, पावसाळ्यात कोवळ्या शेंड्यापासून मागे मागे वाळत येतं. 2021 च्या सुमारास शेजारी तेलंगणात कडुलिंब असे मोठ्या प्रमाणावर वाळले होते आणि लोक फार घाबरले होते, पुढे बऱ्याच झाडांना परत पालवी फुटली. त्यात टी मॉस्किटो नावाचा ढेकूणही कोवळ्या शेंड्याला टोचतो आणि तसंच वाळतं, दोन्ही एकत्र पण असतात. मोठ्या जुन्या झाडाला वाट बघा, उन्हाळ्यात फुटवा येतो. वाळलेले शेंडे हाताला येतात तेवढे खाली हिरव्या भागापर्यंत कापून जाळा. रोपं असतील तर कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, तिथे बघून औषध सांगतील. नमुना नेताना अर्धी वाळलेली अर्धी हिरवी फांदी न्या, पूर्ण वाळलेली नेली तर त्यातून काही कळत नाही, आणि वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून दुसरीच बुरशी वाढते. अबोलीताई, तुम्हालाही हेच, कमिटीला कागद हवा असेल तर शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे, तिथे विचारा.

अबोली_पुणे
मीटिंग झाली. सप्तपर्णीचा कापलेला फोड आणि काळा झालेला रुमाल दोन्ही टेबलावर ठेवले, चर्चा लवकर संपली. पॅकेज घ्यायचं नाही असं ठरलं, चाफे राहणार, पेव्हर टप्प्याटप्प्याने काढायचे, पहिली सुरुवात सप्तपर्णीपासून. उद्यान विभागाला अर्ज गेला, माणूस येऊन बघतो म्हणालेत. तुम्हा सगळ्यांचे खरंच मनापासून आभार.

आता एकच शंका राहिली, चाफ्याची गळलेली पानं रोज पोतंभर निघतात, सोसायटीच्या कंपोस्ट पिटमध्ये टाकली तर चालतील का की तांबेरा खतातून परत पसरेल? एक काकू म्हणतात जाळा, पण धुराची तक्रार येईल.

रानवाट
जाळू नका, शहरात पालापाचोळा जाळायला बंदी आहे आणि धूर सगळ्यांच्याच छातीत जातो. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच वाढते, कुजणाऱ्या पानावर ती जगू शकत नाही, बीजाणू मात्र काही काळ टिकतात. म्हणून पानं उघड्यावर वाऱ्यावर ढीग करून ठेवू नका, झाडतानाही आधी हलकं पाणी मारा म्हणजे पावडर उडणार नाही, आणि पिटमध्ये टाकल्यावर वरून शेण किंवा तयार खताचा थर द्या. पिट नीट तापत असेल, आतलं तापमान पंचावन्न अंशांच्या पुढे काही दिवस राहत असेल, तर बीजाणू मरतात. हात घालून बघितलं तर चटका बसेल इतकं गरम लागायला हवं. तुमचं पिट थंडच राहत असेल तर ओल्या कचऱ्याचं प्रमाण वाढवा आणि आठवड्यातून एकदा खालवर करा. तयार झालेलं खत चाफ्यालाच घातलं तरी चालेल, बुंध्याला चिकटवून नको, जरा लांबून गोल घाला.